माग सुरू झाला की डबा बंद: घरच्या सर्व्हरच्या यूएसबी तक्रारी कशा हुडकायच्या

आमचं घर बेळगावात, वडगावला. खाली दोन यंत्रमाग, वर माझी खोली. मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते. फोटोग्राफर कार्डं आणून देतात, एकेका लग्नाचे साठ-सत्तर जीबी, आणि मुलीला पहिलं बाळ झालं तरी आई-वडील विचारायला येतात, "तेव्हाचे फोटो आहेत काय हो अजून?" आहेत. त्यासाठीच खोलीच्या कोपऱ्यात एक काळा डबा ठेवलाय. कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, आत ४ टीबीच्या दोन डिस्क, वर ओपनमीडियाव्हॉल्ट, म्हणजे साध्या कॉम्प्युटरचा घरचा फाइल-सर्व्हर करणारी लिनक्स सिस्टीम. चार पैसे वाचवायचे म्हणून सिस्टीम घातली ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर.

वर्षभर नीट चाललं. मग आठवड्यातून दोनदा-तीनदा, सकाळीच, फोल्डर उघडेना. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पिंगला (नेटवर्कवरून 'आहेस का?' म्हणून मारलेल्या हाकेला) उत्तर येतंय, खरं लॉगिन होत नाही. हे लक्षण ओळखून ठेवा. पिंग लागतं आणि लॉगिन होत नाही, म्हणजे बहुतेक वेळा चालू सिस्टीमखालून बूट ड्राइव्ह, म्हणजे जिच्यावर सिस्टीम घातली तो ड्राइव्ह, निसटलेला असतो. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, रॅममध्ये असतो, तो पिंगला ओ देत राहतो. लॉगिनसाठी ड्राइव्हवरची फाइल वाचावी लागते, ती त्याला सापडत नाही.

मी पेन ड्राइव्ह बदलला. दोन आठवड्यांनी तेच. आणखी एक बदलला, चांगल्यातला. परत तेच. शेवटी सासरे जिन्यातून म्हणाले, "अगं, मी माग सुरू केला की तुझा डबा बंद पडतोय बघ." मी म्हटलं, "मामा, मागाचा आणि ह्याचा काय संबंध?" संबंध होता. ते फक्त वेळ बघत होते आणि मी तेवढंच करत नव्हते.

आधी वेळ, मग पेन ड्राइव्ह

पहिला हुकूम डीमेसेज. कर्नल जे काही पुटपुटतो ते यात दिसतं. डेबियनवर, म्हणजे ओपनमीडियाव्हॉल्ट ज्या लिनक्सवर उभं आहे तिथं, आधी सुडो ('मालकाच्या हक्कानं चालव') लावावं लागतं. पुढे कॅपिटल टी जोडला की सेकंदांच्या आकड्याऐवजी घड्याळाची वेळ येते. आधीच्या वेळी, म्हणजे बंद पडण्यापूर्वी, काय झालं ते बघायला जर्नलसीटीएल, पुढे '-के -बी -१'.

इथं एक गोम आहे आणि त्यात मी आठ दिवस घालवले. बूट ड्राइव्हच निसटला तर 'ड्राइव्ह निसटला' हे लिहायचं कुठं? त्याच ड्राइव्हवर. म्हणजे तक्रार लिहिलीच जात नाही. त्यात मी फ्लॅशमेमरीचं प्लगइन घातलेलं. ते पेन ड्राइव्हची झीज कमी करायला सगळे लॉग (घडामोडींच्या नोंदी) रॅममध्ये ठेवतं आणि नीट बंद करतानाच खाली उतरवतं. बटण दाबून बंद केलं की सगळा पुरावा साफ.

उपाय सोपा निघाला. रात्री झोपताना लॅपटॉपवरून सर्व्हरमध्ये एसएसएचनं, म्हणजे दुसऱ्या मशिनवरून हुकूम द्यायच्या जोडणीनं, शिरायचं, डीमेसेजला स्मॉल डब्ल्यू आणि कॅपिटल टी जोडून चालू करायचं आणि ती खिडकी तशीच उघडी ठेवायची. डब्ल्यू म्हणजे थांबून राहा, नवीन ओळ आली की दाखव. हा प्रोग्राम आधीच रॅममध्ये चढलेला असल्यामुळे ड्राइव्ह गेला तरी त्याचं चालू राहतं. सर्व्हर मेला तरी शेवटच्या ओळी लॅपटॉपच्या पडद्यावर राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत खिडकीसमोर बसले. मामांनी आठ वाजून चार मिनिटांनी पहिला माग सुरू केला. धोट्याचा खडखडाट सुरू झाला, फरशीवर ठेवलेल्या कपातला चहा थरथरायला लागला. आठ वाजून सहा मिनिटांनी खिडकीत ओळ आली: 'रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस'. मग तीच परत. मग 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१'. मग 'यूएसबी डिस्कनेक्ट'. आणि त्यानंतर आयओ एररची (वाचता-लिहिता न आल्याच्या तक्रारींची) रांग.

ओळी कुठल्या क्रमानं येतात ते बघा, निम्मं निदान त्यातच असतं. आधी रीसेट किंवा डिस्कनेक्ट आणि मग आयओ एरर, असं असेल तर दोष जोडणीत: पोर्ट, वायर, वीज. डिस्कनेक्ट कुठेच नाही आणि थेट 'क्रिटिकल मीडियम एरर' येतोय, तोही दर वेळी त्याच सेक्टरवर (ड्राइव्हवरच्या त्याच जागी), तर ड्राइव्हच्या आतलंच काहीतरी गेलंय. तेव्हा पोर्ट पुसत बसू नका, डेटा काढून घ्या.

आकड्यांचंही तसंच. -७१ म्हणजे बोलणं झालं खरं पण अक्षरं फुटली. वायर, सैल पोर्ट, डगमगती वीज असलं काहीतरी. -११० म्हणजे हाक मारली, वेळेत उत्तरच आलं नाही. वीज कमी पडली किंवा पलीकडची चिप गुंगली. -३२ एखाद-दुसरा आला तर मी सोडून देते. 'ओव्हर-करंट' दिसलं तर लगेच काढा आणि पोर्ट तपासा, पट्टी वाकून एकमेकीला टेकली असेल.

आणखी एक बारीक खूण. 'हाय-स्पीड' म्हणजे यूएसबी २, 'सुपरस्पीड' म्हणजे यूएसबी ३. तुमची डिस्क ३ ची, पोर्ट निळा, आणि लॉगमध्ये हाय-स्पीड येतंय? मग वायरीतल्या किंवा पोर्टातल्या जास्तीच्या पिना टेकतच नाहीत. यूएसबीवर काय काय जोडलंय ते दाखवणाऱ्या एलएसयूएसबी हुकमाला स्मॉल '-टी' लावून बघा, ५००० एमच्या जागी ४८० एम दिसेल.

पोर्ट, वायर, हादरा

एका वेळी एकच गोष्ट बदला. पोर्ट बदलला, वायर बदलली, पेन ड्राइव्हही बदलला आणि मग चालायला लागलं, तर काय बिघडलं होतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून.

माझा पेन ड्राइव्ह होता कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात. हे पोर्ट मदरबोर्डवर नसतात. तिथून एक वायर आत जाते आणि बोर्डावरच्या पिनांवर नुसती खोचलेली असते. म्हणजे एका जोडाच्या जागी दोन जोड. मागचे पोर्ट थेट बोर्डावर झाळलेले असतात, म्हणून बूट ड्राइव्ह नेहमी मागेच लावावा. त्यातही जुन्या मशिनवर काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टात. बूट झाल्यावर सिस्टीम फारसं वाचत नाही, वेग लागत नाही, आणि पेन ड्राइव्ह तापतो कमी.

डबा बंद केला, वायर भिंतीतून काढली आणि टॉर्च मारून पुढच्या पोर्टात बघितलं. आत तळाला राखाडी-गुलाबी बोळा. सुताची लव! खालून जिन्यानं वर येते, पंखा ओढून घेतो. दर वेळी पेन ड्राइव्ह घालताना ती मागे दाबली जाऊन नमद्यासारखी झालेली, त्यामुळे तो एखादा मिलिमीटर बाहेरच राहायचा. नुसता ठेवला तर चालायचा. माग सुरू झाला, फरशी हादरली, की पिना सुटायच्या. आगपेटीची काडी तासून बोळा काढला. सुई, पिन, टाचणी असलं लोखंडी काही आत घालू नका, आणि वीज चालू असताना तर काडीही नको.

जांबोटीकडच्या एका फोटोग्राफरच्या घरी वेगळंच. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जूनला भिंतींना ओल धरते ती दिवाळीपर्यंत. त्याच्या पोर्टातल्या पट्ट्यांवर, पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसा हिरवा थर चढलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाच्या पट्टीला लावून पुसलं, पूर्ण वाळू दिलं, चाललं. खरं एकदा हिरवं आलेला पोर्ट परत येतोच. त्याला शेजारचा पोर्ट वापरायला सांगितलं.

माझ्याकडे नंतर पेन ड्राइव्ह कॅबिनेटच्या आतच नेला. बोर्डावर यूएसबीच्या नऊ पिनांची जागा असते, तिथं बसणारा छोटा अडॅप्टर मिळतो, मला दीडशे रुपये पडले. मामांनी बघितलं, "हे असंच लोंबकळत ठेवणार?" म्हणाले आणि खालून सूत आणून पेन ड्राइव्ह कॅबिनेटच्या पट्टीला बांधला. तुटलेला धागा सांधायची गाठ. अजून सुटलेली नाही. कॅबिनेटखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे घातले. हादरा पेन ड्राइव्हला फक्त निसटवतो, फिरणाऱ्या हार्ड डिस्कला तो त्याहून जास्त वाईट.

विजेचं

लव काढल्यावर तक्रार आठवड्यातून तीनवरून महिन्यातून एकावर आली. उरलेली एक विजेची होती.

मोटार सुरू होताना चालू असतानाच्या पाच-सात पट करंट ओढते, क्षणभरच. तेवढ्यात घरातला दिवा मिचकतो. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय असा झटका पोटात घेऊ शकतो, पण दहा वर्षं जुन्या सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले असतात आणि पाच व्होल्टची लाईन खाली जाते. मशीन रीस्टार्ट होण्याइतकी नाही, पेन ड्राइव्ह गुंगण्याइतकी. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पाच व्होल्टचा आकडा दिसतो तिथं नजर ठेवा, पण तो क्षणाचा झटका त्यात दिसणार नाही. खात्रीचा उपाय म्हणजे सर्व्हर एका यूपीएसवर घालून आठ दिवस बघणं. माझ्या डब्याला तेवढंच पुरलं.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असं समजू नका. बऱ्याच इन्व्हर्टरना मागे एक खटका असतो, यूपीएस मोडचा. तो दुसऱ्या मोडला असेल तर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला कॉम्प्युटरला झेपणार नाही इतका वेळ लावतो. पंख्याला, ट्यूबला चालतं.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? मग अर्थिंग नाही. सप्लायच्या फिल्टरमधून थोडी वीज पत्र्यावर येते आणि तिला जमिनीत जायला वाट नसते. तीच बाहेरच्या डिस्कच्या वायरीवर खेळते आणि उगाच रीसेट येतात. थ्री-पिनची तिसरी पिन कापून टू-पिनात घालणारे आमच्या गल्लीत निम्मे. इलेक्ट्रिशियनला बोलवा, हे स्वतः करायचं काम नाही.

बाहेरची अडीच इंची डिस्क पोर्टातूनच वीज घेते. यूएसबी २ चा हिशेब ५०० मिलीअँपियरचा, ३ चा ९००. डिस्क फिरायला लागताना यापेक्षा जास्त मागते. 'टिक... टिक...' आवाज येतोय, दिवा लागून विझतोय, तर डिस्क गेली म्हणून रडायच्या आधी स्वतःचा अडॅप्टर असलेल्या हबवर लावून बघा.

निपाणीच्या भाच्याचं रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढ्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) याच कारणानं लटकायचं. मोबाईलच्या चार्जरवर चालवत होता. पायला ५.१ व्होल्ट, ३ अँपियर लागतात. पायच्या व्हीसीजेनसीएमडी हुकमाला गेट-थ्रॉटल्ड ('वीज कमी पडली काय?') विचारलं तर ०एक्स५०००० आलं, म्हणजे आत्ता ठीक आहे पण सुरू केल्यापासून कधीतरी वीज कमी पडून गेली. ०एक्स० च यायला पाहिजे. चार्जर बदलल्यावरही त्याची एसएसडी (न फिरणारी, चिपांवर लिहिणारी डिस्क) रीसेट होतच राहिली, तो मग दुसरा घोळ: साटाची (कॉम्प्युटरच्या आत डिस्क जिच्यावर लावतात त्या जोडणीची) यूएसबी करणारी चिप. काही चिपांना यूएएस नावाची जलद पद्धत झेपत नाही. लॉगमध्ये यूएएस नावानं 'अबॉर्ट' च्या ओळी दिसल्या तर एलएसयूएसबीमध्ये त्या डिस्कचा आयडी बघायचा, कोलनच्या अलीकडे-पलीकडे चार-चार अक्षरं असतात, आणि बूटच्या ओळीत 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=' लिहून तो आयडी, कोलन, आणि स्मॉल यू जोडायचा. पायवर ती ओळ सीएमडीलाइन नावाच्या फाइलमध्ये असते. सगळं एकाच ओळीत लिहा, खाली नवी ओळ केलीत तर पाय उठणारच नाही. पीसीवर ग्रबमध्ये (सिस्टीम उठवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) लिहून अपडेट-ग्रब चालवायचं. वेग थोडा जातो. जाऊ दे.

आणि यूएसबी ३ च्या डिस्कला चिकटून वायरलेस माउसचा किंवा वाय-फायचा डोंगल लावू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो, इंटेलनं २०१२ सालीच ते कागदावर मांडलंय. हातभर एक्स्टेन्शन लावली की भांडण मिटतं.

पेन ड्राइव्हवर भरवसा किती

पेन ड्राइव्ह सांगून मरत नाही. एसएसडीला स्मार्टसीटीएलनं विचारलं तर किती लिहून झालं, किती आयुष्य उरलं, काहीतरी सांगते. पेन ड्राइव्हला सहसा तोंडच नसतं. एक दिवस तो फक्त वाचण्यापुरता उरतो किंवा दिसतच नाही. कारण लिहिण्याची झीज. सिस्टीम दिवसभर बारीकसारीक लिहीत असते. पेन ड्राइव्हवरच ठेवायचं असेल तर फ्लॅशमेमरीसारखं प्लगइन घाला, स्वॅप (रॅम भरली की ड्राइव्हवर लिहिणं) बंद करा, माउंटला नोएटाइम द्या, म्हणजे फाइल नुसती वाचली तरी वेळ लिहिणं थांबतं.

नवा घेतलात तर आधी एफ३ नं तपासा. एफ३राइट भरत जातं, एफ३रीड परत वाचून ताळा बघतं. ६४ जीबी छापलेल्या ड्राइव्हमध्ये आत आठच निघाल्याचं मी स्वतः बघितलंय. अशा ड्राइव्हवर सिस्टीम बसते, चालते आणि आठ जीबी भरल्यावर वेड्यासारखी वागायला लागते.

माझं मत विचाराल तर साटाचा एक पोर्ट रिकामा असेल तर सगळ्यात लहान एसएसडी घ्या आणि सिस्टीम तिच्यावर न्या. मी गेल्या पावसाळ्याआधी नेली. क्लोनझिलानं पेन ड्राइव्हची एसएसडीवर जशीच्या तशी प्रत काढली. मग दोन्ही लावून मशीन सुरू केलं आणि डोकं फिरायची वेळ आली. केलेला बदल रीस्टार्टनंतर गायब. कारण प्रत काढली की दोघांचा यूयूआयडी (सिस्टीम ज्यावरून ड्राइव्ह ओळखते तो नंबर) एकच, सिस्टीम कधी हिच्यावरून उठते, कधी त्याच्यावरून. प्रत झाली की मूळ ड्राइव्ह काढायचा, मगच बटण दाबायचं.

'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश आला तर ड्राइव्हला दोष देण्याआधी बायोसमधली तारीख बघा. आमच्याकडे पावसात दिवसभर लाईट नव्हती, नंतर सुरू केलं तर हाच संदेश, आणि तारीख कितीतरी वर्षं मागची. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली. ती ३ व्होल्टची असते, माझी मीटरवर २.४ दाखवत होती. घड्याळजीकडून नवी आणली, बूटचा क्रम परत लावला, झालं. बायोसात असतानाच दोन गोष्टी करा. वीज आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग लावा, आणि बूटच्या यादीतून बॅकअपची यूएसबी डिस्क काढून टाका. नाहीतर ती जोडलेली असताना मशीन तिच्यावरूनच उठायला बघतं आणि काळा पडदा दाखवत बसतं. उलट, ती डिस्क एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठं जोडायची त्या यादीत) हातानं लिहिली असेल तर पुढे नोफेल ('नसली तरी पुढे जा') टाका. ते नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल तर सिस्टीम दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते. एसडीए, एसडीबी या नावांनीही लिहू नका, ती बदलतात. यूयूआयडी लिहा.

सिस्टीम परत घालता येते, सेटिंग परत आठवत नाही. कोणाला कुठला फोल्डर दिला, वगैरे. म्हणून रोज रात्री ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरची टार फाइल (सगळ्याचं एक गाठोडं) डेटाच्या डिस्कवर पडते. ओपनमीडियाव्हॉल्टची सगळी सेटिंग असलेली कॉन्फिग फाइल त्यातच येते. चार ओळींची स्क्रिप्ट आहे, क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालते.

मूळचा पेन ड्राइव्ह आता देवघराच्या कपाटात, कुंकवाच्या डबीशेजारी असतो. वर चिठ्ठी: 'सर्व्हर. पुसू नये.' आमच्याकडे अमावास्येला माग बंद, गेल्या अमावास्येला मी तो तपासून घेतला. एसएसडीची वायर काढली, पेन ड्राइव्ह मागच्या काळ्या पोर्टात लावला, बटण दाबलं. दोन मिनिटं लागली. सेटिंग जुनी आली, नंतर जोडलेल्या दोन फोटोग्राफरांची नावं नव्हती, खरं फोटो सगळे उघडले. बंद केलं, एसएसडी परत लावली आणि पेन ड्राइव्ह पुसून डबीशेजारी ठेवला. पुसून म्हणजे फडक्यानं.